मोहफूल : बाटलीतले आणि ताटातले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिला मंडळात मद्याचे नाव निघाले म्हणून कोणी दचकू नये. मला बोलायचे आहे ते मोहाच्या फुलाविषयी. पण सुरुवात थोडी दूरची, इटलीची करते.

इटलीत प्रांतागणिक द्राक्षे वेगळी, वाईन वेगळी आणि तिच्या जोडीचे जेवणही वेगळे. पिएमाँतची बारोलो ही कसदार लाल वाईन. ती मंद आचेवर शिजवलेल्या मांसाबरोबर घेतात. तोस्कानाची कियांती टोमॅटोच्या आंबटसर पदार्थांना जुळते. वेनेतोची सोआवे पांढरी, हलकी, ती माशांबरोबर. १९६३ साली तिथे कायदा झाला आणि ठरलेल्या मुलखात, ठरलेल्या रीतीने केलेल्या वाईनलाच त्या मुलखाचे नाव मिळू लागले.

तिथली वाईन आपल्याला नको. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्या मातीत काय पिकते आणि ते कशाबरोबर शोभते, हे त्या लोकांनी जपले, म्हणून मालाला किंमत आली.

आपल्या जिल्ह्यात झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा, घाटंजी या भागांत उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह गळतो. कोलाम आणि गोंड बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. फूल गरदार आणि साखरेने भरलेले. वाळवले की महिनोन्महिने टिकते. टंचाईच्या दिवसांत याच फुलांनी कितीतरी घरे जगवली.

तेच फूल भिजवून, आंबवून, भट्टीवर चढवले की दारू होते. ती वाईनपेक्षा कितीतरी जहाल, आणि पुष्कळदा उपाशीपोटीच घेतली जाते. आदिवासींच्या देवकार्यात मोहाला मान आहे, त्याची थट्टा आपण करू नये. शहरातली दारू तर दुकानातूनच येते. पण फूल वेचते बाई, आणि नवऱ्याच्या नशेचा मार खाते तीही बाईच, हे विसरून कसे चालेल?

१९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांवरही निर्बंध होते. २०२१ साली राज्य सरकारने फुले गोळा करण्यावरील व वाहतुकीवरील निर्बंध उठवले. विनापरवाना दारू गाळणे मात्र आजही गुन्हाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींचा हक्कही मान्य केला आहे. म्हणजे फुलाला ताटाकडे नेण्याची वाट मोकळी आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. वाळलेली फुले निवडावी, आतले केसर काढावे, दोनदा धुवावी. भिजवून, शिजवून, वाटून ज्वारीच्या पिठात मळली की गोड भाकरी होते. तिच्याबरोबर अंबाडीची आंबट भाजी किंवा मिरचीचा ठेचा ठेवावा. गोडाला आंबट-तिखटाची जोड हवीच. तीळ आणि फुले भाजून, कुटून लाडू वळावे. त्यांत वेगळा गूळ फारसा लागत नाही. वर ताजे ताक.

भगिनींनो, तीन गोष्टी करू या. फुले वेचणाऱ्या बायांकडूनच रास्त भावाने घेऊ. हळदीकुंकवाला एकदा तरी हे लाडू वाटू. आणि झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी जुनी लुगडी अंथरून फुले वेचावी, असे त्यांना सांगू व लुगडी आपणच देऊ. त्या जाळापायी जंगलांना वणवे लागतात.

फुलाला दारूपेक्षा चांगले गिऱ्हाईक मिळाले, तर एखादी भट्टी आपोआप थंडावेल. ते गिऱ्हाईक आपण होऊ या.