फाल्गुनरावही तोच, सुधाकरही तोच



नाटक पाहणं आणि त्याविषयी लिहिणं एवढंच काम केलेल्या माणसाला तुम्ही या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. अध्यक्षानं रंगभूमीच्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. नाट्यगृहांची भाडी, दौऱ्यातले हाल, तालमीच्या जागा हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर माझ्यापेक्षा अधिकारानं बोलणारी माणसं पुढच्या परिसंवादांत आहेत. मी एकच विषय घेतो. जो नट हसवतोही आणि काळीजही हलवतो, त्याचं मराठी रंगभूमीनं आणि मराठी चित्रपटानं काय केलं?

२० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. त्याचे नाटककार गडकरी यांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि सुधाकर होते गणपतराव बोडस. हेच बोडस १९११ साली ‘मानापमान’मध्ये लक्ष्मीधर होऊन आले होते, पैशाचा तोरा मिरवणारा भित्रा लक्ष्मीधर. ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनरावही त्यांचाच. म्हणजे ज्या प्रेक्षकांनी त्यांच्याकडे पाहून पोट धरून हसून घेतलं होतं, त्याच प्रेक्षकांसमोर ते एका बुद्धिमान वकिलाचा दारूनं झालेला नाश उभा करत होते.

हे शक्य झालं, याचं एक कारण बोडसांची प्रतिभा. दुसरं कारण नाटक मंडळीच्या घडणीत होतं. मंडळीचा मुक्काम गावात पडला की आज एक नाटक, उद्या दुसरं. नट पगारी असायचा आणि मंडळीच्या साठ्यातल्या सगळ्या नाटकांत उभा राहायचा. आज फाल्गुनराव, पुढच्या खेळाला सुधाकर, ही त्याची नोकरीच होती. पुढे मंडळ्या मोडल्या, कंत्राटी पद्धत आली, नट ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक मानधनावर, काम करू लागला आणि एकाच नाटकाचे शेकडो प्रयोग होऊ लागले. त्यातून नटाला स्थैर्य आलं, नाव झालं, त्याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. पण एका भूमिकेत वर्षानुवर्षं दिसणारा नट लोकांना त्या भूमिकेचाच वाटू लागतो. पुढचं नाटक लिहिणारा त्याच मापाची भूमिका बेततो, निर्माता जाहिरातीत ‘विनोदाचा बादशहा’ असं छापतो आणि कप्पा पक्का होतो.

आता मुळाशी जाऊ. हसवणं आणि रडवणं या खरंच दोन वेगळ्या विद्या आहेत का?

गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं आणि ‘संशयकल्लोळ’ही त्यांनीच लिहिलं. दोन्ही नाटकांत नवरा बायकोवर संशय घेतो. एकीकडे शेवट खुनात होतो, दुसरीकडे घोटाळा उलगडतो आणि सगळे हसत घरी जातात. पण नटाच्या बाजूनं पाहा. फाल्गुनरावाला त्याचा संशय मुळीच विनोदी वाटत नाही. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर पाहून त्याचा जळफळाट होतो तो खराच आहे. उतारवयात तरुण बायको केलेल्या माणसाची भीती त्याच्या पोटात आहे. ज्या क्षणी नटाला आपण विनोदी काम करत आहोत हे कळतं आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, त्या क्षणी फाल्गुनराव संपतो आणि तोंडं वेडावणारा एक माणूस उरतो. झुंझाररावाची भूमिका करायला जेवढी धग लागते तेवढीच फाल्गुनरावालाही लागते. प्रसंगांची रचना वेगळी असते, म्हणून आपण हसतो.

भरतानं हास्याचा उगम शृंगाराच्या अनुकरणात सांगितला आहे. हास्य कुठल्या तरी दुसऱ्या भावावर उभं असतं, ही त्यातली दृष्टी मला फार मोलाची वाटते. पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले. पोथीत ते ठीक असेल. रंगमंचावर ‘एकच प्याला’तला तळीराम आहे ना! आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशांत प्रेक्षागृह डोक्यावर घेणारा तळीराम अंथरुणाला खिळतो, त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य भांडत असतात, लोक हसत असतात आणि तो मरत असतो. ती भूमिका फक्त ‘विनोदी’ नटाला जमत नाही आणि फक्त ‘गंभीर’ नटालाही जमत नाही.

हशाचं गणित रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हशा चढतो, टोकाला जातो आणि ओसरू लागतो. तो पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य पडलं पाहिजे. आधी पडलं तर ते बुडतं, उशिरा पडलं तर प्रयोग थंड पडतो. ही जागा रोज बदलते. शनिवार रात्रीचा प्रेक्षक वेगळा, रविवार दुपारचा वेगळा. म्हणजे विनोद करणारा नट संपूर्ण प्रयोगभर प्रेक्षागृहाचा श्वास ऐकत असतो. आणि शोकाच्या प्रवेशात शांतता किती ताणायची, हे ठरवायला दुसरं काय लागतं? तोच कान लागतो. म्हणून विनोदात मुरलेला नट गंभीर भूमिकेत गेला की त्याचे पॉज नेमके पडतात. उलटा प्रवास जास्त अवघड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रडवताना चुकलेला नट शांततेत लपू शकतो. हशा आला नाही तर लपायला जागा नसते.

निळू फुले यांच्याकडे मी नेहमी याचा पुरावा म्हणून पाहतो. पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा माणूस सेवादलाच्या कलापथकातून आला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं त्यांना नाव दिलं. तिथे ते लोकांना हसवत होते. ‘एक गाव बारा भानगडी’तला त्यांचा झेलेअण्णाही त्याच मातीतला. मग १९७२ साली कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ बसवलं आणि सखाराम म्हणून त्यांना उभं केलं. सखारामाच्या तोंडची भाषा ऐकून लोक आधी हसतात, मग आपण कशाला हसलो या विचारानं गप्प होतात. ती गप्प होण्याची जागा फुल्यांनी लोकनाट्याच्या फडातून आणली होती. बतावणीत समोरच्या माणसाला बोलू देऊन नेमक्या क्षणी त्याला पकडायचं, हे तिथलं शिक्षण. ‘सामना’ चित्रपटातला हिंदुराव पाहा, आवाज न चढवता माणूस किती भीतिदायक होतो ते दिसेल. आणि ‘सिंहासन’च्या अखेरीला सत्तेचा सगळा बाजार पाहून भ्रमिष्टासारखा हसणारा पत्रकार दिगू टिपणीस! आयुष्यभर हशाचा अभ्यास केलेल्या नटालाच ते हसू सापडू शकतं. मराठी पडद्यावरचा तो मला सर्वांत दुःखद क्षण वाटतो.

तमाशाला हसवण्या-रडवण्याचा हा भेद कधी मान्यच नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. काळू-बाळू ही तमाशातली जोडी ‘जहरी प्याला’मध्ये हवालदार होऊन हसवायची आणि भोवती वग मात्र विषाचाच असायचा.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचं उदाहरण मनाला लागतं. ‘टूरटूर’पासून लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला. ‘अशी ही बनवाबनवी’ लोकांना संवादांसकट पाठ आहे. १९९२ साली जब्बार पटेल यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवर ‘एक होता विदूषक’ केला आणि आबुरावची भूमिका लक्ष्मीकांतना दिली. तमाशाच्या फडातून चित्रपटात आणि तिथून राजकारणापर्यंत ओढला गेलेला एक हसवणारा माणूस. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांना आठवत असेल, त्या भूमिकेत त्यांनी स्वतःच्या लकबी जवळजवळ बाजूला ठेवल्या होत्या. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर तो चालला नाही. त्या तोडीची भूमिका मराठी चित्रपटानं त्यांना पुन्हा दिली नाही आणि २००४ साली वयाच्या पन्नाशीत ते गेले. त्यात प्रेक्षक म्हणून आपला वाटा आहे. आपण त्यांच्यावर प्रेम केलं आणि त्या प्रेमात त्यांना हलूही दिलं नाही.

दिलीप प्रभावळकरांना आपण थोडी जास्त मोकळीक दिली, किंवा त्यांनी ती मिळवली म्हणा. दूरदर्शनवरचा चिमणराव, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू, ‘चौकट राजा’तला नंदू, जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’तला मतिमंद मुलाचा बाप, मुन्नाभाईच्या चित्रपटातले गांधीजी. ‘हसवाफसवी’त तर एकाच प्रयोगात सहा भूमिका. त्यांतले थकलेले गायकनट कृष्णराव हेरंबकर समोर आले की पाच सोंगांना मनमुराद हसलेलं प्रेक्षागृह आपोआप सावरून बसायचं. अशोक सराफ यांना २०२३चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला, त्याचा मला फार आनंद झाला. पण ज्यांनी दिग्दर्शिका विजयाबाई मेहतांच्या ‘हमीदाबाईची कोठी’मध्ये त्यांना पाहिलं आहे, त्यांना एक हुरहूर नक्की वाटत असेल की अशा भूमिका त्यांच्या वाट्याला अजून कितीतरी यायला हव्या होत्या.

स्त्री-नटांची गोष्ट आणखी अवघड. त्यांना रडण्याच्या भूमिका भरपूर मिळाल्या, हसवण्याच्या मोजक्या. म्हणून १९७५ साली ‘ती फुलराणी’त भक्ती बर्वे यांनी जे केलं ते मला ऐतिहासिक वाटतं. प्राध्यापकाला धडा शिकवण्याची प्रतिज्ञा करणारं ते स्वगत आठवा. त्या नाटकातल्या मंजुळाचा अपमान झाला आहे, ती संतापानं पेटली आहे, डोळ्यांत पाणी आहे आणि समोर हशामागून हशा येतो आहे. हशा येतो म्हणून तिनं राग एक रेषभरही सैल केला नाही. रीमा लागू यांनी रंगभूमीवर ‘सविता दामोदर परांजपे’सारखी अंगावर काटा आणणारी भूमिका केली आणि छोट्या पडद्यावर ‘तू तू मैं मैं’मधली सासूही गाजवली. किती जणींना अशी संधी मिळाली? आमच्या नाटककारांनी स्त्रीला विनोदाची मालकीण करायला फार उशीर केला.

समीक्षकांनाही माझं एक सांगणं आहे आणि त्यात मी स्वतःला धरूनच बोलतो. एखादा विनोदी नट गंभीर भूमिका करतो तेव्हा आपण लिहितो की त्यानं ‘आपण केवळ विनोदी नट नाही हे सिद्ध केलं’. त्यानं ते विनोद करतानाच सिद्ध केलेलं असतं. गंभीर नट फार्समध्ये उभा राहतो तेव्हा मात्र आपण त्याकडे सवलत म्हणून पाहतो. अनेक स्पर्धांत आणि पुरस्कारांत विनोदी अभिनयासाठी वेगळं पारितोषिक असतं. हेतू चांगला आहे. पण त्यामुळे उत्कृष्ट अभिनयाचं मुख्य पारितोषिक आपोआप आसवांच्या नावे लिहून ठेवलं जातं.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या तीन विनंत्या आहेत. नाटककारांनी एका अंकात हसवून पुढच्या अंकात मोडून पडणारी माणसं लिहावीत, आपल्या घराघरांत ती आहेत. निर्मात्यांनी ज्या नटाच्या नावावर विनोदी नाटकाचं बुकिंग होतं, त्याच नटाला वर्षाआड एक तरी वेगळं नाटक द्यावं. आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी, यंदाच्याच स्पर्धांपासून, सर्वोत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक विनोदी भूमिकेला द्यायची वेळ आली तर हात आखडता घेऊ नये.