आरसा थांबतो, तवा तापतो

आपल्या जळगावच्या विद्यापीठात काय, शिरपूर-धुळ्याच्या फार्मसी कॉलेजांत काय, एफटीआयआर, म्हणजे अवरक्त वर्णपट काढणारं यंत्र, आता नवलाईचं राहिलेलं नाही. मुलं पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी दाबतात, आलेख काढतात, जर्नलात चिकटवतात. झालं! पण लेसर पडल्यावर रेणू मायक्रोसेकंदांत काय करतो ते बघू म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, डिटेक्टर किती फास्ट घ्यायचा?’ अरे भाऊ, ते नंतर. घटना दर वेळी सारखीच घडते का, ते आधी सांग.

या यंत्रातला आरसा पळता ठेवला तर मिलिसेकंदांच्या खाली जाणं अवघड. म्हणून तो टप्प्याटप्प्याने थांबवायचा. थांबला की लेसर मारायचा, सगळी घटना नोंदवायची, मग पुढचा थांबा. विभेदन ४ प्रतिसेंटिमीटर हवं आणि आरशाची जागा मोजणाऱ्या हीलियम-निऑन लेसरच्या दर तरंगाला एक नोंद घेतली, तर थांबे होतात जवळजवळ ४०००.

समजा, कळण्याची भाकरी फुगताना चहूबाजूंनी बघायची आहे आणि बघणारे तुम्ही एकटे. एका जागी उभं राहून एक भाकरी पुरती फुगताना बघायची, पाऊलभर सरकून दुसरी. शेवटी सगळं जोडून म्हणायचं, ही एकच भाकरी. पण पीठ तेच, पाणी तेवढंच, तवाही तेवढाच तापलेला असला तर ना! पन्नासाव्या भाकरीला तवा भडकला, तर जोडून तयार झालेली भाकरी कुणी भाजलेलीच नसते.

लॅबमध्येही तसंच: नमुन्यावर पडणारा लेसर हळूहळू मंदावतो, नमुना झोत खाऊन खाऊन बिघडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, त्यात लाईट गेली की एसी बंद. तवा तापलाच! आणि फूरिए रूपांतरात एका थांब्यावरची चूक तिथेच राहत नाही, साऱ्या वर्णपटात पसरते. म्हणून दर थांब्यावर लेसरची ताकदही नोंदवा. शेवटी पहिल्या थांब्यावर परत या आणि तीच नोंद पुन्हा घ्या. परत सांगतो, पहिल्या थांब्यावर परत या. जुळली नाही, तर कितीही महागाचा डिटेक्टर असो, ते मोजमाप टाकून द्या.

प्रथिनाचा १६५० प्रतिसेंटिमीटरजवळचा पट्टाच हवा असेल, तर १९७५च्या वरचं सगळं अडवणारा फिल्टर लावा आणि दर चौथ्या जागीच थांबा. थांबे चौथाईवर आले, तवा तापायला सवडच नाही! फिल्टर मात्र गळका नको, नाहीतर वरचं खाली येऊन मिसळतं.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. पावसाळ्यातल्या वाफेच्या रेषा नेमक्या १६५०भोवतीच येतात, त्याचं राहिलंच. तूर्त आज लॅब बंद करण्याआधी पहिल्या थांब्याची नोंद तेवढी पुन्हा घेऊन बघा.