विहीर, वडील आणि मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला बोलण्यास सांगितले तेव्हा मी म्हटले, मी सातवी शिकलेली बाई, मला ओट्यापाशी बोलता येते, व्यासपीठावर नाही. त्या म्हणाल्या, ओट्यापाशी बोलता तेच येथे बोला. 'मुलांच्या वाढीत वडिलांचा वाटा' हा विषयही त्यांनीच दिला. विषय फार मोठा आहे. शाळेची फी, वह्यापुस्तके, शिस्त, या सगळ्यांवर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. मी त्यातला एकच कोपरा घेते. वडिलांनी मुलांना घराबाहेर, रानात, पाण्यात, डोंगरावर स्वतःबरोबर नेणे, एवढाच. यावर मला बोलता येईल, कारण ते माझ्या अंगावरून गेले आहे.

माझे माहेर अंबड तालुक्यातले. आम्ही वडिलांना दादा म्हणत असू. आमच्या मळ्यात जुनी, दगडी पायऱ्यांची विहीर आहे. मोट जाऊन मोटर आली होती, तरी थारोळे तसेच होते. उन्हाळ्याच्या सुटीत दादा माझ्या दोघा भावांना त्या विहिरीत पोहायला शिकवीत. पाठीला वाळलेला भोपळा, नाही तर तोंड झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा, कमरेला दोर आणि दोराचे टोक दादांच्या हातात. मी थारोळ्यावर बसून भावांचे कपडे सांभाळायची. माझे काम तेवढेच.

नऊ वर्षांची असताना एकदा मी दादांना विचारले, "भोपळा मुलीच्या पाठीला बांधला तर बुडतो का?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे, तांबडे फुटायच्या आत, त्यांनी मला उठवले. आईला सांगितले, वैरण आणायला पोरीला नेतो. धाकट्या भावाची चड्डी आणि माझाच जुना झगा घालून मी विहिरीत उतरले. गाव जागे होण्यापूर्वी आम्ही परत येत असू, आणि आणलेली वैरण गोठ्यात पडत असे. असे सुमारे पंधरा दिवस चालले. भोपळ्याचा डबा झाला, डबा जाऊन नुसता दोर राहिला, आणि एके दिवशी मागे वळून पाहिले तो दोराचे टोक पाण्यावर तरंगत होते. दादा पायरीवर बसून तंबाखू मळत होते.

त्या पंधरा दिवसांत दादा माझ्याशी जेवढे बोलले तेवढे पुढच्या सगळ्या आयुष्यात बोलले नसतील. त्यातली एक गोष्ट ते रोज सांगत. बुडणाऱ्याला समोरून कधी धरू नये, तो मिठी मारतो आणि दोघेही जातात. मागून धरावे, आणि जमेल तर धरूच नये, आधी काहीतरी टाकावे, दोर, फांदी, धोतर, हाताला येईल ते. मला वाटे, हे मला कशाला सांगतात? मी कोणाला धरायला जाणार आहे?

मोठी झाले तसे विहिरीवर जाणे बंद झाले. लग्न होऊन जालन्यास आले. यजमान रोलिंग मिलमध्ये कामाला. भट्टीपुढची पाळी करून घरी आलेल्या माणसाला मुलांनी हाक मारली तरी ऐकू जात नाही. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मुले शाळेत तेव्हा हे झोपलेले, मुले झोपलेली तेव्हा हे भट्टीवर. माणूस चांगला, पण मुलांना त्यांची ओळख "हळू बोला, पप्पा झोपलेत" एवढीच. आपल्यापैकी पुष्कळींच्या घरी असेच आहे, म्हणून सांगते.

आता मुख्य गोष्ट. २०१८ चा मे महिना. आम्ही चौघे माझ्या माहेरी गेलो होतो. भावाने मोसंबीसाठी शेततळे केले होते. २०१२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा कशा वाळल्या ते सर्वांनी पाहिले आहे. पुढे २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, आणि शेततळी वाढली. कडवंचीची द्राक्षे अशाच तळ्यांवर उभी आहेत. तेव्हा शेततळे वाईट असे मी म्हणणार नाही. त्याने माझ्या भावाची बाग वाचवली. पण त्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि वरचा उतार उघडा पडतो. त्यावरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, कारण धरायला काही नाही. विहिरीला पायरी असते, कपार असते. तिथे नुसता गुळगुळीत उतार.

धाकटा तेव्हा सात वर्षांचा. चेंडू आणायला गेला आणि गेला तो खालीच. मी चहा घेऊन बांधावरून येत होते. हे लिंबाखाली होते. ओरडा ऐकून धावले आणि काठावर उडी टाकायच्या बेतात उभे राहिले. यांना पोहता येत नाही हे मला ठाऊक होते. मी ओरडले, "उडी टाकू नका!" लग्नानंतर अठरा वर्षांत त्यांच्यावर ओरडण्याची ती पहिली वेळ. बांधावर ठिबकच्या नळीचे वेटोळे पडले होते. नळी दुहेरी करून एक टोक त्यांच्या हाती दिले, दुसरे मनगटाला गुंडाळले, आणि लुगड्यासकट घसरत पाण्यात गेले. पंचवीस-सव्वीस वर्षांत मी पाण्याला पाय लावला नव्हता. मुलगा दोन हातांवर होता. त्याला मागून, सदऱ्याच्या मानेपाशी धरले. यांनी नळी ओढली. भट्टीवर लोखंड ओढणारे हात, त्यांनी आम्हा दोघांना ओढून काढले. चहाची किटली बांधावर तशीच उभी होती, सांडली नव्हती, हे मला अजून आठवते.

त्यानंतर दोन दिवस हे कोणाशी बोलले नाहीत. जेवले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दादा ओसरीवर बसले होते, त्यांच्यापाशी जाऊन म्हणाले, "दादा, मला शिकवाल का?"

भगिनींनो, जावई म्हणजे आपल्याकडे काय असते ते मी सांगायला नको. पाटावर बसवायचे, ताटात वाढायचे. असा चाळिशी ओलांडलेला जावई पाठीला भोपळा बांधून विहिरीत, एका बाजूस अकरा वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूस सात वर्षांचा मुलगा, आणि सत्तरीचे सासरे दोर धरून ओरडताहेत, "जावईबापू, पाय मारा, पाय!" गावातली पोरे काठावर जमली. आई तर लाजून घरात गेली. मुले आठ दिवसांत तरंगू लागली. यांना मात्र दोन उन्हाळे लागले, कारण रजा संपली आणि पुढे सुटीच्या दिवशी जाणे-येणे. धाकटा त्यांना वरून सांगायचा, "पप्पा, मान ताठ करू नका, पाण्यावर टेका." ज्या पप्पांपुढे हळू बोलायचे, त्यांना तो शिकवू लागला. माझ्या मते घरातले वारे पालटले ते तेथे. बापाला काही येत नाही आणि तो शिकतो आहे, हे पाहिले की मुलाची भीती जाते. मान मात्र जात नाही. निदान आमच्या घरी तरी गेला नाही.

आमच्या जालन्याहून अंगारकीला लोक राजूरच्या गणपतीला पायी जातात, हे तुम्ही जाणताच. पंचवीस किलोमीटरच्या आसपास वाट, आणि रात्रभर चालणे. हे दरवेळी मित्रांबरोबर जात. त्या वर्षापासून मुलांना नेऊ लागले. पहिल्या वेळी थोरलीच्या टाचेला फोड आले, धाकटा अर्ध्या वाटेत झोपेने पेंगू लागला, आणि वाट सरावी म्हणून यांनी आपल्या लहानपणच्या गोष्टी काढल्या. आईवडील ऊसतोडीला जात, दिवाळी झाली की कोयता घेऊन निघत, आणि उन्हाळा लागला की परत येत. हे आजीपाशी गावात. पाणी कसे पोहावे, झाड कसे चढावे, हे दाखवायला बाप गावात नसे. आणि उन्हाळ्यात असे, तेव्हा थकून पडलेला असे. हे सर्व मी मुलांच्या तोंडून ऐकले. मला कधी सांगितले नव्हते. चालता चालता, अंधारात, तोंडाकडे कोणी पाहत नसताना पुरुषमाणूस बोलतो, हे मला त्या दिवशी कळले. दिवाणखान्यात बसवून विचारले तर "काही नाही" म्हणेल.

थोर माणसांच्या घरीही हे घडलेले आहे. गो. नी. दांडेकरांचे नाव तुम्ही ऐकले असेल. नसेल तर मालिकेत जिजाऊंचे काम करणाऱ्या मृणाल कुलकर्णींचे ते आजोबा, एवढे सांगितले की पुरे. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा तर आपल्या शेजारचेच. दांडेकरांनी तेराव्या वर्षी घर सोडले. स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा पायी केली. पुढे संसार मांडला तो तळेगाव दाभाड्यास, आणि किल्ले पालथे घातले. विशेष हे की मुलीलाही ते बरोबर नेत. त्या वीणा देव. पुढे त्या प्राध्यापिका झाल्या, आणि वडिलांचे चरित्र त्यांनीच लिहिले, 'आशक मस्त फकीर' या नावाचे. २०२४ साली त्या गेल्या. पन्नास-साठ वर्षांमागे मुलीला गडावर नेणे म्हणजे काय, हे आमच्या आईला विचारा. तिला विहिरीसाठी वैरणीचा बहाणा सांगावा लागला होता!

येथे एक तक्रार करते. पुष्कळ घरी वडील मुलाला नेतात आणि मुलगी आईपाशी पोळ्या लाटते. आणि हेही खरे की सहल बापाची असली तरी भाकऱ्या आईनेच थापायच्या असतात. आमच्याकडे आता राजूरच्या रात्री दशम्या थोरली आणि हे मिळून करतात. यांची दशमी जाड होते, पण वाटेत भूक लागली की कोणी जाडी मोजत नाही.

काहीजणी म्हणतील, पैसा कोठून आणावा? पैसा लागतो तो बागेतल्या पाळण्यांना आणि हॉटेलाला. घाणेवाडीच्या तलावावर थंडीत पक्षी येतात, ते पाहायला काय लागते? अंबडची मत्स्योदरी देवी टेकडीवर आहे, पायऱ्या मोजत चढावे. वर्षातून एकदा देवगिरीवर जावे. तेथे अंधारी म्हणून भुयारासारखी काळोखी वाट आहे. त्यात शिरताना आमच्या थोरलीने यांचा हात इतका घट्ट धरला की नखे उमटली. ती नखे हे चार दिवस मिलमध्ये दाखवीत होते म्हणे.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. ज्या घरी वडील नाहीत त्यांनी काय करावे? आपल्या जिल्ह्यात अशी घरे किती, हे मी येथे मोजणार नाही. आपल्या मंडळातही आहेत. त्यांना मी हे सांगायला आले नाही की तुमच्याकडे काही कमी आहे. माझ्या मुलांचा दोर वडिलांनी नव्हे, आजोबांनी धरला होता. मामा धरील, काका धरील, आणि आई तर धरीलच. मी पाण्यात उतरले तेव्हा लुगडे आड आले नाही.

थोरलीने मोबाईलवर वाचून दाखवले की २०२१ पासून २५ जुलै हा बुडून होणारे मृत्यू टाळण्याचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवला आहे. त्या २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली लेकरे. शाळेच्या वयात पोहायला शिकवावे, पाण्याभोवती कुंपण घालावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. दादा तर कुठल्या संघटनेत नव्हते.

तेव्हा ज्यांच्या माहेरी-सासरी शेततळे आहे त्यांनी तीन गोष्टी आपापल्या माणसांच्या मागे लागून करून घ्याव्यात. भोवती तारेचे कुंपण. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर, पक्क्या खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडलेले, त्यांना जुने टायर अडकवावे. आणि काठावर एक रिकामे प्लॅस्टिकचे कॅन, बूच लावून, दोरीसह ठेवावे. ते फेकता येते. भावाने हे सर्व केले, पण आमच्या प्रसंगानंतर. तुम्ही आधी करा.

२०२२ च्या पावसाळ्यात दादा गेले. तेराव्यानंतर भावाने त्यांच्या वस्तू काढल्या, तेव्हा तो दोर यांनी मागून घेतला. जावयाने धोतरजोडी, घड्याळ काही न घेता दोर का नेला, म्हणून भावकीत कुजबूज झाली. आता उन्हाळ्याच्या सुटीत, ज्या रविवारी पाळी नसेल त्या रविवारी, हे त्याच विहिरीवर पायरीवर बसून दोर धरतात. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पाच मुली होत्या. त्यांतल्या दोघींचे वडील पहिल्या दिवशी नुसते पाहायला आले होते, तिसऱ्या रविवारी तेही पाण्यात होते.

यंदाही जायचे आहे. ज्यांना मुली पाठवायच्या असतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्यापाशी नाव सांगावे, आणि त्यांच्या वडिलांनाही बरोबर धाडावे. भोपळे दोनच आहेत; डबा ज्याचा त्याने आणावा, आणि तोंड नीट झाळलेला असावा.