उडवणाऱ्याचं मत
(नाशिक येथे वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नाशिकमध्ये मिग विमानावर बोलायचं म्हणजे सराफ बाजारात उभं राहून सोन्याचा भाव सांगण्यातला प्रकार. समोर बसलेल्यांपैकी किती घरांचा संसार ओझरच्या विमान कारखान्याच्या पगारावर झाला असेल, याची मला कल्पना आहे. माझ्या लहानपणी चाचणीसाठी उठलेलं एखादं विमान आवाजाचा वेग ओलांडायचं आणि आमच्या वाड्याची तावदानं थरथरायची. आजी निवडणटिपण न थांबवता म्हणायची, "गेलं मेलं." आम्ही पोरं मात्र गच्चीकडे धावायचो. तोवर आकाशात काही उरलेलं नसायचं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ने हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ मध्ये ते पहिल्यांदा आलं तेही चंडीगडलाच, २८ स्क्वॉड्रनमध्ये. बासष्ट वर्षांची नोकरी. त्या दिवशी दूरदर्शनच्या पडद्यावर दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. निवेदक 'उडती शवपेटी' हा शब्द दर पाच मिनिटांनी उच्चारत होते, आणि मागे धावपट्टीवर जमलेले पांढऱ्या केसांचे माजी वैमानिक त्या विमानाकडे आपली गाय विकली जाताना शेतकरी बघतो तसे बघत होते.

आता यातलं खरं काय? आकडे तर निवेदकाच्या बाजूचे आहेत. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं, की हवाई दलात आलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. निम्म्याहून जास्त विमानं! तरीही मिग उडवलेल्या माणसासमोर 'शवपेटी' म्हणून बघा. तो आवाज न चढवता तुम्हाला दुरुस्त करील. म्हणेल, "विमान फार सरळ होतं हो. ते लबाडी करत नव्हतं. तुम्ही चुकलात तर ते लगेच सांगायचं." सांगायचं म्हणजे काय, हे तो बोलत नाही.

माझा आजचा मुद्दा या दोन आवाजांच्या मधल्या जागेत आहे. आपल्याकडे विमान निवडताना ते उडवणाऱ्याला शेवटी विचारतात, आणि विचारतात तोवर त्याचा त्या विमानावर जीव जडलेला असतो. मग त्याची तक्रार तक्रारीसारखी ऐकूच येत नाही.

मिग-२१ आपण का घेतलं, हे आधी आठवूया. त्या सुमारास अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ स्टारफायटर दिलं होतं. आपल्यालाही ध्वनीपेक्षा वेगवान विमान हवं होतं. अमेरिकेकडून ते जमेना. सोव्हिएत संघाने विमान दिलं, ते भारतात बनवायचा परवानाही दिला आणि पैसे रुपयांत घ्यायची तयारी दाखवली. ऑगस्ट १९६२ मध्ये करार झाला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची वाटणी ठरली. या निवडीत परराष्ट्र धोरण होतं, परकीय चलनाची चणचण होती, कारखानदारीचं स्वप्न होतं. सगळीच कारणं वजनदार. कॉकपिटमध्ये बसणाऱ्या माणसाचं कारण मात्र यादीत फार खाली होतं.

ते कुठे कळलं? ४ सप्टेंबर १९६५ रोजी, पठाणकोटच्या आसपास. २८ स्क्वॉड्रनचे प्रमुख विंग कमांडर एम. एस. डी. वॉलन यांना समोर पाकिस्तानी सेबर विमान दिसलं. त्यांनी दोन के-१३ क्षेपणास्त्रं डागली. दोन्ही वाया गेली. सेबर अजून समोरच होतं. आणि विमानाला तोफ नव्हती! क्षेपणास्त्रांच्या युगात तोफ कशाला, असा त्या काळच्या आरेखनकारांचा समज होता. नुसता सोव्हिएत नव्हे, अमेरिकनही. व्हिएतनामवर सुरुवातीला गेलेल्या फँटम विमानांतही आतली तोफ नव्हती आणि तिथल्या वैमानिकांनीही याच गोष्टीवरून बोटं मोडली. वॉलन त्या सेबरजवळून नुसते निघून गेले. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानातल्या माणसाला त्या क्षणी एखादी साधी बंदूक हवीशी वाटली असेल.

पुढची लढाई येईपर्यंत आपल्या मिगच्या पोटाखाली तोफेचं खोकं, म्हणजे गन पॉड, लटकवलं गेलं. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट बी. बी. सोनी यांनी एक स्टारफायटर पाडलं ते तोफेनेच. ज्या स्टारफायटरसाठी आपण जीव टाकत होतो, तेच. वॉलन पुढे एअर मार्शल झाले, आणि १९८०च्या दशकात हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे अध्यक्षही झाले; म्हणजे तुमच्या ओझरचेही वरिष्ठ. ज्याच्या अंगावर आधी उणीव आली तोच नंतर कारखान्याच्या गादीवर बसला, असं आपल्याकडे क्वचित घडतं.

वैमानिकांचा जीव कशावर जडतो, हे पाहायचं तर नॅटकडे बघावं. इंग्लंडमध्ये टेडी पेटर यांनी हे चिमुकलं लढाऊ विमान बनवलं. इंग्लंडच्या हवाई दलाने ते लढायला घेतलं नाही, शिकवायला घेतलं. आपण मात्र ते लढायला घेतलं आणि बंगळुरूला बनवलं. उंच माणसाला आत बसताना गुडघ्यांचं काय करायचं हा प्रश्न पडे. ऐन लढाईत तोफा अडकायच्या. शेपटीचं नियंत्रण हायड्रॉलिक दाबावर चालायचं, आणि दाब गेला की वैमानिकाची जी कसरत व्हायची ती सगळ्यांनाच जमली असं नाही. त्यात चांगली चांगली मुलं गेली. तरी ३ सप्टेंबर १९६५ रोजी २३ स्क्वॉड्रनचे ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडल्याची नोंद झाली आणि नॅटचं नाव 'सेबर स्लेयर' पडलं. त्याच दिवशी त्याच तुकडीचं एक नॅट पाकिस्तानात पसरूरला उतरलं, ते आजही कराचीच्या संग्रहालयात आहे. लहान असल्यामुळे नॅट शत्रूला चटकन दिसायचं नाही. गरागरा वळायचं. १४ डिसेंबर १९७१ रोजी निर्मलजीतसिंग सेखों श्रीनगरवर एकट्याने सेबर्सच्या तुकडीला भिडले ते नॅटमधूनच. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे.

नॅट उडवलेल्यांच्या आठवणी वाचा. दोष त्यांना पाठ असतात. ते दोष ते अशा सुरात सांगतात, की आपल्या तापट बायकोचं कौतुक चाललंय की काय असं वाटावं. (समोरच्या भगिनींनी उपमेबद्दल माफ करावं, उपमा माझी नाही, क्रू रूममधली आहे.)

हा प्रेमाचा सूरच पुढे अडचणीचा ठरतो. क्रू रूममध्ये, म्हणजे सॉर्टीच्या आधी आणि नंतर वैमानिक बसतात त्या खोलीत, एक अलिखित नियम असतो: विमान अवघड असेल तर आपण त्याहून चांगले झालो पाहिजे. या नियमावर हवाई दल उभं आहे, यात शंका नाही. अवघड विमान उडवणारा तिथे मोठा. 'मिगवर घडलेला माणूस कशावरही उडेल' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, आणि त्यात तथ्यही आहे. पण हाच नियम उलटा फिरला की अपघातानंतरच्या अहवालात दोन शब्द येतात, 'ह्यूमन एरर'. विमान सरळ, मग चूक कुणाची? जो सांगायला उरला नाही त्याची.

मिगचं खरं दुखणं उतरताना होतं. त्रिकोणी, डेल्टा पंखांचं विमान. धावपट्टीला टेकतानाही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. वेग जरा कमी झाला की ते खाली बसायचं, आणि बसायचं ते लवकर. हे शिकायला मधली पायरी हवी. आपल्या मुलांना ती पायरीच नव्हती. किरणसारख्या शांत जेटवरून ती थेट मिगवर जायची. सायकलवरून उतरवून एकदम बुलेटवर बसवण्यासारखं हे होतं, आणि तेही घाटात! १९८२ मध्ये एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने मधल्या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्या असं सुचवलं. ब्रिटनच्या हॉक विमानाचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये. मधली बावीस वर्षं. ओझरहून निघालेली मिगं या काळात उडत होती, आणि ती उडवायला दरवर्षी नवी पोरं जात होती.

त्यांत आपल्या पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ होते. १७ सप्टेंबर २००१च्या रात्री सुरतगडहून उड्डाण करताच त्यांचं मिग कोसळलं. ठपका वैमानिकावर आला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. पत्रं लिहिली, विमानांच्या आणि प्रशिक्षणाच्या स्थितीबद्दल जाहीर प्रश्न विचारले. तो काळ आठवा. ऑगस्ट २००३ मध्ये त्र्याहत्तर वर्षांचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस अंबाल्याला मिग-२१मध्ये बसून आकाशात जाऊन आले. विमान सुरक्षित आहे हे देशाला दाखवायचं होतं. धाडस त्यांचं होतंच. पण अनुभवी वैमानिक पुढे बसवून केलेल्या दिवसाच्या उड्डाणाने, रात्री एकट्याने उड्डाण करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर कसं मिळणार? नंतर 'रंग दे बसंती' हा चित्रपट आला, आणि जे प्रश्न चौकशीच्या फायलीत अडकले होते ते थिएटरात रडू लागले. मला त्या आईंचं विशेष वाटतं ते यासाठी, की क्रू रूममधला कुणी जे बोलू शकत नव्हता, ते बाहेरच्या एका बाईने बोलून दाखवलं.

हॉक यायला बावीस वर्षं का लागली? पैसा, दलालीच्या चर्चा, फायलींचा प्रवास, ही कारणं आहेतच. माझ्या मते आणखी एक आहे, आणि ते हवाई दलाच्या स्वभावात आहे. तिथे फायटर वैमानिक हा घरातला थोरला मुलगा. ट्रान्सपोर्टवाले, हेलिकॉप्टरवाले त्याच्या मागे. सियाचिनला रॉकेलचे डबे पोहोचवणाऱ्या चीता हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचं पोस्टर कुठल्या पोराच्या खोलीत लावलेलं पाहिलंय तुम्ही? आणि शिकवण्याचं विमान म्हणजे या घरातली स्वयंपाकीण. सगळे तिच्या हातचं खाऊन मोठे झाले, पण फोटोत ती नाही. एचपीटी-३२ हे आपलं पहिल्या पायरीचं विमान. त्याचं इंजिन हवेत बंद पडायचं आणि त्याला इजेक्शन सीट नव्हती. म्हणून सबंध विमानालाच पॅराशूट बसवता येईल का, इथवर विचार गेला. अखेर २००९ मध्ये त्या विमानाची उड्डाणं थांबली. राफालवर संसद गाजली, निवडणुका गाजल्या. एचपीटी-३२ हे नाव आज इथे किती जणांनी पहिल्यांदा ऐकलं?

भारतीय बनावटीचं विमान घ्यायचं की नाही, यावरही वैमानिकांचं मत ऐकण्यासारखं असतं. आरेखनकार कुर्ट टँक यांच्या मारुत या लढाऊ विमानाने १७ जून १९६१ला पहिलं उड्डाण केलं. उडवणारे होते विंग कमांडर सुरंजन दास. सांगाडा देखणा, जमिनीलगत स्थिर; वैमानिकांना हवं होतं ते फक्त जोरकस इंजिन. ते शेवटपर्यंत मिळालं नाही. सुरंजन दास १९७० मध्ये मारुतच्याच एका सुधारित नमुन्याच्या चाचणीत गेले. १९७१ला राजस्थानात मारुतने चांगलं काम केलं. एक इंजिन निकामी झाल्यावर दुसऱ्यावर तळ गाठण्याचे प्रसंगही घडले. पण १९९० पर्यंत ते गुपचूप बाजूला झालं.

नौदलाची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे जहाजं आरेखणारं स्वतःचं खातं आहे, त्यामुळे गोदीत जहाज तयार होत असताना नौसैनिक तिथे मालकासारखा वावरतो. हवाई दल बरीच वर्षं गिऱ्हाईकासारखं दुकानाबाहेर उभं राहिलं आणि माल नापसंत झाला की पुढे गेलं. आपल्या तेजस विमानाच्या बाबतीत चाचणी वैमानिक आरेखनकारांच्या शेजारी बसू लागले तेव्हा हे थोडं बदललं. विमान उशिरा आलं, फारच उशिरा आलं. तरी ते उडवणाऱ्यांच्या बोलण्यात मला वेगळा सूर ऐकू येतो. ते दोष सांगताना लाजत नाहीत. अमुक पडदा इकडे हवा होता, तमुक बटण तिकडे, असं सरळ बोलतात, कारण ते बदलेल असा त्यांना भरवसा असतो.

मिग-२१ला निरोप दिल्यावर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने तुमच्याच धावपट्टीवरून उड्डाण केलं. मी त्या दिवशी मुद्दाम नाशिकला आलो होतो. गच्चीवर गेलो. गुडघ्यांमुळे जिने चढायला वेळ लागला, आणि पोहोचलो तोवर, सवयीप्रमाणे, आकाशात काही उरलं नव्हतं.

पहिल्या दोन रांगांत हवाई दलातले आणि ओझरच्या कारखान्यातले काही निवृत्त बसलेले दिसताहेत. मिगच्या उतरण्याबद्दल मी बोलत होतो तेव्हा त्यातल्या एकांनी दोनदा मान नकारार्थी हलवली, ती मी पाहिली आहे. प्रश्नोत्तरांचा माइक आधी त्यांच्याकडे द्या.