‘स्वराज ७२४’ : एका ट्रॅक्टरची जन्मकथा
(व्याख्यानाची संहिता)



जुन्या यंत्रांचे शौकीन एखाद्या ट्रॅक्टरचा इतिहास शोधू लागले की प्रथम चासीवरील क्रमांक आणि अश्वशक्तीचा आकडा पाहतात. ‘स्वराज ७२४’च्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. दोन सिलिंडरचा, साडेसव्वीस अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर केव्हा तयार झाला, याहून तो कोणी तयार होऊ दिला आणि कोणी नाकारला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

१९६१-६२ साली देशात अवघे ८८० ट्रॅक्टर तयार झाले. त्या दशकात उभे राहिलेले आयशर, टॅफे, एस्कॉर्ट्स, इंटरनॅशनल हे सारे कारखाने परदेशी सहकार्याच्या आधारावर चालत. अधिक उत्पन्न देणारे गव्हाचे वाण आले, मागणी वाढली आणि आयातही चालू राहिली. अशा वेळी, १९६५ साली, दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत संपूर्ण देशी आरेखनाचा ट्रॅक्टर बनविण्याचे काम सुरू झाले. संस्थेचे संचालक मनमोहन सुरी हे डिझेल रेल्वे इंजिनांसाठी स्वतंत्र ट्रान्समिशन शोधून काढणारे अभियंते होते. त्यांच्या तरुण सहकाऱ्यांत चंद्रमोहन हे प्रमुख होते. खर्च अर्थातच सार्वजनिक तिजोरीतून होत होता.

ट्रॅक्टर तयार झाला. परंतु सार्वजनिक क्षेत्राने त्याला दार उघडले नाही. केंद्र सरकारने हिंदुस्थान मशीन टूल्सच्या पिंजोर कारखान्यासाठी झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरची निवड केली आणि १९७१ साली तेथे उत्पादन सुरू झाले. सरकारच्याच प्रयोगशाळेवर सरकारच्याच कारखान्याचा विश्वास बसला नाही, असाच याचा अर्थ होतो.

हे आरेखन उचलले ते पंजाब राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने. १९७० साली पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेडची स्थापना झाली. सुमारे ३ कोटी ७० लाख रुपयांच्या भांडवली खर्चात, वर्षाला ५,००० ट्रॅक्टरांच्या क्षमतेचा कारखाना मोहाली येथे उभा राहिला. चंद्रमोहन व त्यांचे सहकारी दुर्गापूरहून तेथे आले आणि १९७४ साली ‘स्वराज ७२४’ बाजारात उतरला.

परदेशी सहकार्याचे समर्थक म्हणत की, शेतकरी थांबू शकत नाही, त्याला पारखलेले यंत्र हवे. आक्षेप रास्त आहे. पण हिशेब मांडून पाहावा. झेटर १९७१चा, स्वराज १९७४चा. तीन वर्षांच्या या विलंबाच्या बदल्यात काय मिळाले? १९७५ साली ‘७३५’, १९७८ साली साडेएकोणीस अश्वशक्तीचा ‘७२०’, १९८० साली स्वयंचलित कापणी-मळणी यंत्र, १९८३ साली ‘८५५’. एक यंत्र स्वतः घडविणाऱ्याला दुसरे घडविण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. रॉयल्टीचा आकडा ताळेबंदात दिसतो. न शिकल्यामुळे होणारे नुकसान मात्र कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही. महाराष्ट्राचाही यात वाटा आहे : १९८५ साली स्थापन झालेल्या स्वराज इंजिन्सला पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे तांत्रिक साहाय्य लाभले.

या कथेचा उत्तरार्ध निराळा आहे. २००३ साली पंजाबच्या महामंडळाने आपला हिस्सा एका ब्रिटिश गुंतवणूक संस्थेला विकला. २००७ साली कंपनी महिंद्र समूहाकडे गेली. कारखाना बुडालेला नव्हता, नाव पुसले गेले नाही. स्वराज ट्रॅक्टर आजही शेतात चालतात. म्हणून ही ऱ्हासाची कथा नव्हे, मालकीची आहे. सार्वजनिक पैशाने ज्ञान निर्माण झाले, सार्वजनिक भांडवलाने ते उत्पादनात उतरले आणि त्याची किंमत ठरली ती शेअरच्या भावाने. दुर्गापूरची ती वर्षे त्या भावात धरली गेली होती काय?

‘७२४’चा जुना नमुना एखाद्या गोठ्याशेजारी गंजत उभा दिसला, तर त्याचा क्रमांक अवश्य टिपून घ्यावा. पण त्याच्या खाली तीन नोंदी आणखी कराव्यात : तो कोणी घडविला, कोणी नाकारला आणि कोणी विकला. यंत्राचा इतिहास या तीन नोंदींनीच पूर्ण होतो.