हवा कुठून घेते?

गाडी बिघडली की आपण मिस्त्रीला विचारतो, ‘काय गेलं?’ जाणता मिस्त्री मात्र उलट आपल्यालाच विचारतो, ‘कधी त्रास देते?’ सकाळी की दुपारी? सिग्नलला उभी असताना की पळताना? आपल्याला वाटते, हा वेळ काढतो आहे. खरे तर त्याचे अर्धे काम तिथेच झालेले असते. आज अशाच एका बिघाडाविषयी बोलायचे आहे, जो नीट विचारल्याशिवाय आणि ऐकल्याशिवाय सापडत नाही. तो आहे इनटेक मॅनिफोल्डच्या गास्केटचा. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्याला साधे ‘पॅकिंग’ म्हणतात.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. पेट्रोल इंजिन हवेवर चालते, पेट्रोल त्या हवेत थोडेसेच मिसळलेले असते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ही हवा एअर फिल्टरमधून गाळून आत येते आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे फुटणाऱ्या नळ्यांत जाते. या नळ्यांचा जुडगा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. तो सिलिंडर हेडला नटबोल्टने आवळलेला असतो. धातूवर धातू कितीही घट्ट बसवला तरी मध्ये केसाएवढी फट राहतेच. ती बुजवायला मध्ये जो पातळ थर घालतात तो गास्केट. कधी तो दाबलेल्या कागदासारखा असतो, कधी धातूच्या पत्र्याचा, तर नव्या गाड्यांत बहुधा रबराचा.

इंजिन सुरू होते तेव्हा पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. आयडलवर, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, हवेचा मुख्य दरवाजा जवळजवळ बंद असतो. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाला व्हॅक्युम गेज लावला तर काटा पाऱ्याच्या साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. आता नारळपाणी पिताना नळीला मध्येच भोक पडले तर काय होते ते आठवा. आपण ओढतो तेवढेच, पण तोंडात पाणी कमी आणि हवा जास्त. गास्केट कडक झाले, चिरले किंवा नट सैल होऊन दबले की हेच होते. फिल्टरला आणि कार्बोरेटरला वळसा घालून हवा चोरवाटेने आत शिरते. मिस्त्री म्हणतात, ‘गाडी हवा घेते.’

त्याची लक्षणे ठरलेली आहेत. कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होते. आयडलिंग खालीवर होते, एखादा सिलिंडर मिसिंग करतो, सिग्नलला गाडी बंद पडते. पण रेस दिली की सगळे सुरळीत. याचे कारण सोपे आहे. रेस दिल्यावर मुख्य दरवाजातूनच भरपूर हवा येते, चोरवाटेची हवा त्यापुढे नगण्य ठरते. दुसरी खूण म्हणजे सकाळी थंड इंजिनावर त्रास जास्त आणि गाडी तापली की कमी. धातू तापून पसरतो आणि फट काही वेळापुरती बुजते.

इंजेक्शनच्या गाडीत हीच गोष्ट थोडी वेगळी दिसते. ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे चोरवाटेची हवा मोजलीच जात नाही. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो आणि शेवटी ‘मिश्रण पातळ’ असा कोड नोंदवतो. ज्या गाडीत मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, तिथे कॉम्प्युटर जास्तीच्या हवेला जास्तीचे पेट्रोल देतो, आणि आयडल उगीचच चढा राहतो. म्हणून स्कॅनरने कोड दाखवला की लगेच सेन्सर बदलायला धावू नये. सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. हवा कुठून आली ते मात्र त्याला सांगता येत नाही.

इथे एक मोठी फसगत होते. त्रास आयडलचा, म्हणून आयडलचा स्क्रू वाढवला जातो. मिसिंग होते, म्हणून मिश्रणाचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवले जाते. गाडी बंद पडायची थांबते, मालक खूश होतो. फट मात्र तशीच असते. एक सिलिंडर पातळ मिश्रणावर तापत राहतो, त्याचे व्हॉल्व्ह जळू शकतात. बाकीचे सिलिंडर पेट्रोल पितात. फटीतून येणारी हवा न गाळलेली असते, तिच्याबरोबर धूळही आत जाते. बिघाड बरा झालेला नसतो, त्याचा आवाज तेवढा बंद केलेला असतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका उस्तादांकडे साधारण २००४ साली एक शिक्षक मारुती ८०० घेऊन आले होते. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तीनपैकी एक जरी रुसला तरी सगळी गाडी थरथरते. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले होते, कार्बोरेटर उघडून झाला होता, स्क्रू फिरवून झाले होते. उस्तादांनी बॉनेट उघडले आणि हाताखालच्या पोराला म्हणाले, ‘बेटा, पाना ठेव. आधी ऐक.’ मग शिक्षकांना विचारले, ‘गुरुजी, सकाळी जास्त नखरे करते ना?’ गुरुजी चकित झाले. उस्तादांनी रबरी नळीचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे मॅनिफोल्डच्या कडेकडेने फिरवले. एका जागी सुस्कारा ऐकू आला. तिथे पिचकारीने थोडे पाणी मारले, तशी गाडी क्षणभर शहाण्यासारखी चालली. पाण्याने फट बुजली होती. निदान झाले.

ही पाण्याची चाचणी साधी आणि सुरक्षित आहे. फक्त डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर पाणी उडू द्यायचे नाही आणि पंख्यापासून हात लांब ठेवायचा. काही ठिकाणी पाण्याऐवजी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारून पाहतात. तापलेल्या इंजिनावर हा आगीशी खेळ आहे, तो करू देऊ नका. आता बऱ्याच ठिकाणी इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात. जिथून धूर बाहेर येतो तिथे फट. व्हॅक्युम गेजही उपयोगी आहे, पण उंचीचे भान हवे. दर हजार फुटांना काटा साधारण एक इंच खाली येतो. साडेचार हजार फुटांवरच्या महाबळेश्वरात निरोगी गाडीही आजारी दिसेल.

गास्केटवर संशय घेण्याआधी स्वस्त गोष्टी तपासाव्यात. ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसची नळी, व्हॅक्युमच्या बारीक नळ्या, कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग. रबर वाळून चिरले की लक्षणे हुबेहूब तीच दिसतात. नट सैल असतील तर कधी कधी नुसते आवळूनही भागते.

बदलायची वेळ आलीच तर काम अवघड नाही, पण शिस्तीचे आहे. इंजिन पूर्ण थंड हवे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोलच्या लाइनमधला दाब आधी सोडायचा. काही इंजिनांत मॅनिफोल्डमधून गरम पाणी फिरते, तिथे कूलंट काढून घ्यायचे. नळ्या काढताना प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर द्यायचा, किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. नट कडेकडून मध्याकडे सोडत यायचे. मॅनिफोल्ड निघाला की हेडची उघडी तोंडे स्वच्छ फडक्यांनी बंद करायची आणि फडकी मोजून ठेवायची.

जुने गास्केट खरवडताना दोन गोष्टी सांभाळायच्या. ॲल्युमिनियम मऊ असते. पोलादी पात्याचा एक ओरखडा म्हणजे नवी फट, म्हणून प्लास्टिकची पट्टी बरी. दुसरी गोष्ट मिस्त्रीच्या जिवाची आहे. जुन्या गाड्यांच्या गास्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. म्हणून असे गास्केट कोरडे घासायचे नाही, कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायचे नाही. ओले करून काढायचे आणि पिशवीत बांधून टाकायचे. गॅरेजमधली पंधरा-सोळा वर्षांची पोरे हा भुगा फुंकर मारून उडवतात. गाडीच्या मालकाने तिथे उभे राहून दोन शब्द बोलायला हवेत.

मग सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून फेस सपाट आहे का ते पाहायचे. साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर नवे गास्केटही टिकणार नाही, फेस घासून घ्यावा लागेल. नवे गास्केट कंपनीने सांगितले नसेल तर कोरडेच बसवायचे, शेलॅक थापायचे नाही. नट मध्यापासून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने आवळायचे. आठ मिलिमीटरच्या नटाला साधारण २० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्यावा. जोर जास्त झाला की गास्केट चिरडते किंवा स्टड तुटतो. शेवटी पाणी भरून त्यातली हवा काढायची आणि आयडल व मिश्रण नव्याने लावायचे. फट लपवण्यासाठी फिरवलेले स्क्रू तसेच राहिले तर फट बुजल्यावर गाडी काळा धूर ओकू लागेल.

गुरुजींची गाडी त्याच दिवशी दुपारपर्यंत तयार झाली. बिल पाहून ते म्हणाले, ‘उस्ताद, पॅकिंग तर एवढंसं, आणि मजुरी एवढी?’ उस्ताद हात पुसत म्हणाले, ‘गुरुजी, पॅकिंगचे पैसे दुकानदाराला गेले. हे शोधल्याचे.’

श्रोतेहो, आपण पार्टचे पैसे विनातक्रार देतो, कारण पार्ट डब्यातून निघतो आणि हातात धरता येतो. कान लावून घालवलेल्या तासाचे पैसे द्यायला मात्र जिवावर येते. मग मिस्त्रीही शिकतो की ऐकण्यात कमाई नाही, बदलण्यात आहे, आणि आपल्या गाडीत एकामागून एक नवे पार्ट बसत जातात. तेव्हा पुढच्या वेळी गाडी सिग्नलला थरथरली, तर ती कधी, कुठे आणि किती वेळ थरथरते हे लिहून न्या. मिस्त्रीला सांगा, आधी शोधा, शोधल्याची मजुरी देतो. काढलेले जुने पॅकिंग मागून घेऊन पाहा. हवा जिथून शिरत होती, तिथे बहुधा काळसर डाग किंवा चीर दिसेल.