वर्ल्ड कप, रमी आणि फ्लेमिंगो

आज तीनच गोष्टी.

पहिली. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. आता सोसायटीत मुली बॅट घेऊन उतरल्या, तर काचा फुटतील म्हणून हाकलू नका!

दुसरी. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले. बरंच झालं. पगार रमीत घालवून महिनाअखेर उसने मागणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये होताच.

तिसरी. खाडीत भरती आली की फ्लेमिंगो नेरूळच्या डीपीएस तलावावर टेकतात. चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभारलेत, छान. पण तलावात खाडीचं पाणी खेळतं राहिलं, तरच खरे पक्षी येतील. नाहीतर उरतील फक्त पुतळे.

पटलं तर मित्रांना पाठवा. भेटू!